भरीचं वाक्य

तिला सगळे पट्टीवाली म्हणत. दिवसभर ती एका शिंप्याच्या दुकानात मागच्या बाकावर बसून काजं-बटणं करायची, आणि सुट्टीच्या संध्याकाळी डोळ्यांवर काळी पट्टी बांधून स्टेजवरच्या खुर्चीत बसायची. थोरला भाऊ खाली लोकांत फिरायचा. कुणाच्या तरी खिशातली वस्तू हातात घेऊन तिला विचारायचा, आणि ही पट्टीआडून सांगायची: घड्याळ आहे, चामडी पट्ट्याचं, काच तडकलेली. लोक तोंडात बोटं घालायचे.

यात दैवी म्हणावं असं काडीचंही नव्हतं. सगळी करामत भावाच्या विचारण्यात होती. 'बरं, सांग' म्हणाला की किल्ली. 'लवकर सांग' म्हणजे घड्याळ. 'नीट सांग' म्हणजे अंगठी. असे कितीतरी शब्द बापानं दोघांना लहानपणी जेवताना घोकून घेतले होते. आई म्हणायची लवकर जेवा, की दोघं पोरं एका सुरात ओरडायची, घड्याळ. आई कपाळाला हात लावायची.

पण जगातल्या सगळ्या वस्तूंना शब्द कुठून आणणार? यादीबाहेरचं काही हाती आलं, की भाऊ म्हणायचा 'सांग पाहू'. म्हणजे मला काही कळत नाही, तूच भर घाल. मग तो बोलता बोलता वस्तू धातूची की कापडाची, जड की हलकी, एवढं सुचवायचा आणि पुढं ही बापानं शिकवलेलं भरीचं वाक्य टाकायची: "ह्या वस्तूनं तुमची पुष्कळ सेवा केलीय. जुनी आहे, पण दगा देणार नाही." आजोबांचं पेन असो, न्हाव्याची कात्री असो, कुठंही चपखल बसायचं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पाणी आलं की कुणी पुढचं विचारत नाही.

बापाचा आणखी एक नियम होता. शक्ती आहे असं आपण म्हणायचं नाही, नाही असंही म्हणायचं नाही. लोकांना काय समजायचं ते समजू दे. पोट आपलं, डोकं त्यांचं. मोठा सोयीचा नियम. दार मी फोडलं नाही, उघडंच होतं, असं चोरही म्हणतोच की. करमणूक आहे हो, एवढं काय मनावर घ्यायचं, असं म्हणणारे शहाणेही गल्लोगल्ली भेटतात. त्यांनी हे पुढचं नीट वाचावं.

हे गुपित भावंडांपुरतंच होतं. वहिनी लग्न होऊन घरात आली, तिलाही कुणी सांगितलं नाही. ती बिचारी मनात काही वाकडं आलं की नणंदेच्या समोरून जायचीच नाही, मागच्या दारानं जायची. आणि ताईंना सगळं कळतं असं भावजयीनं चारचौघींत सांगितलेलं कुठल्या नणंदेला आवडणार नाही? हिलाही आवडायचं. उगाच खोटं कशाला बोला.

वहिनी एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या चादरी, पडदे, गाऊन तिथं धुवायला यायचे. घडीखात्यात बायका समोरासमोर उभ्या राहून दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या. त्या लॉन्ड्रीच्या वार्षिक संमेलनात भावंडांचा खेळ झाला. शेवटी शेवटी बॉयलरवाल्या काकांनी पिशवीतून एक पितळी वस्तू काढून भावाच्या हातात दिली. भावानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "सांग पाहू. पितळी आहे म्हणतात, हाताला जड आहे." हिनं पितळ म्हटलं, जड म्हटलं, कारखान्यातलं म्हटलं, आणि पुढं भरीचं वाक्य. सभागृहात आधी चिडीचूप झालं. मग जी टाळी पडली, तशी टाळी दोघांनी जन्मात ऐकली नव्हती. परतीच्या वाटेवर भाऊ शीळ घालत होता.

त्यानंतरही काही दिवस बॉयलर साफसफाईसाठी बंदच होता, म्हणून वहिनी घरी होती. एका सकाळी ती डबा भरत होती. भाऊ खिडकीत आरसा टेकवून दाढी करत होता, आणि पट्टीवाली चहाचा कप धरून बसली होती. वहिनी खुशीत सांगू लागली, की निरोप आलाय, आज बॉयलर पेटवलाय, दुपारपासून काम सुरू. आणि हे सगळं ताईंमुळे झालं.

ताईंमुळे कसं, ते तिनं सविस्तर सांगितलं. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो म्हणून काका कधीचे हटून बसले होते. नवा आणून द्या, नाहीतर माझं डोकं फोडा, मी पेटवणार नाही. सुपरवायझरनं गोंजारून पाहिलं, दम देऊन पाहिला. काका ढिम्म. कुणाला तरी खरं काय ते विचारावं म्हणून तो व्हॉल्व्ह काढून पिशवीत घालून संमेलनाला आले होते. आणि ताईंनी एका वाक्यात निकाल लावला. काकांनी तोच व्हॉल्व्ह आपल्या हातानं परत बसवला. किती दिवसांनी त्यांना झोप लागली म्हणे.

पट्टीवालीच्या हातातला कप तसाच राहिला. तो व्हॉल्व्ह करतो तरी काय, असं तिनं विचारलं. वहिनी म्हणाली, आत वाफ फार झाली की तो आपोआप उचलला जातो आणि जादाची वाफ सोडून देतो. आणि नाही उचलला तर? वहिनीनं डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, तर काय, आमचं घडीखातं भिंतीला भिंत लावून आहे. टळलेल्या संकटाबद्दल माणूस जसं हसत बोलतं, तसं बोलली. मग वळून तिनं विचारलं, "खरं ना हो ताई? नाही ना देणार दगा?"

आरशातून भाऊ बघत होता. गालावर अर्धा फेस तसाच ठेवून तो सहज म्हणाला, "सांग पाहू तिला."

भर घाल म्हणाला. घरात, चुलीपुढं, स्वतःच्या बायकोपुढं.

आजवर ती त्याच्या शब्दाला चुकली नव्हती. त्या दिवशी तिच्या तोंडून काही निघेना. ती उठून बाहेरच्या गॅलरीत गेली आणि कठडा धरून उभी राहिली. भाऊ मागोमाग आला, दार ओढून घेतलं, आणि दबक्या आवाजात तिला झाडू लागला. काय झालं एवढं? व्हॉल्व्ह चांगलाही असेल. लोक हौसेनं येतात, हौसेनं टाळ्या वाजवतात. त्या हौसेवर कुणी बॉयलर टांगला तर तो त्याचा मूर्खपणा. तू तोंड उघडलंस तर बापानं कमावलेलं नाव मातीत जाईल, उद्यापासून कुणी दारात उभं करणार नाही.

"आपण कधी म्हटलं का, आपल्यात शक्ती आहे म्हणून?"

"शक्ती नाही, असं तरी कधी म्हटलं?" ती म्हणाली.

भावानं वस्तरा रुमालाला पुसला, आत गेला, आणि बायकोला म्हणाला, की आज कामावर जाऊ नकोस, मला जरा बरं वाटत नाही.

पट्टीवालीनं ते ऐकलं, आणि तिची उरलीसुरली आशाही विझली. म्हणजे हाही भ्यालाय. माझ्याइतकाच भ्यालाय, आणि आपल्यापुरतं बघून मोकळा झालाय. ती दारातून चपला घालता घालता एवढंच म्हणाली, "बाकीच्या बायकांचे नवरे नाही ना रे आजारी पडणार आज."

वाटभर तिला दम लागत होता. कुणाच्या तरी खिडकीत कुकरची शिट्टी झाली, तर ती मान खाली घालून भिंतीला चिकटली. बसनं ब्रेक दाबला, फुस्स झालं, ती दचकून बाजूला झाली. वळणावरून लॉन्ड्रीचं धुराडं दिसलं. त्यातून धूर निघत होता. म्हणजे पेटलाय. ती पळू लागली. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला ती बाई बसच्या मागं पळतेय असंच वाटलं असेल.

गेटवरच्या पहारेकऱ्यानं तिला ओळखलं आणि न विचारता आत सोडलं. घडीखात्यावरून जाताना तिनं तोंड वळवलं. आतल्या बायका टेबलं पुसत होत्या, एकमेकींची चेष्टा करत होत्या. पलीकडे बॉयलरची खोली. आत बर्नरचा एकसारखा घरघर आवाज, तेलाचा वास, पायांखाली थरथरती फरशी, आणि अंगावर येणारी धग. भिंतीवर मोठ्या घड्याळासारखी तबकडी, तिच्यात काळा काटा लाल खुणेच्या अलीकडे. लाल खूण किती लांब आहे हे तिला सांगता आलं नसतं. तिला ती जवळच वाटली.

काकांनी तिला पाहिलं, तसा माणूस उजळला. खांद्यावरच्या फडक्यानं त्यांनी स्टूल पुसलं, पुढं केलं. ताई स्वतः आल्या, कशासाठी त्रास घेतला, असं म्हणू लागले. ती बसली नाही. तिनं एका दमात सांगून टाकलं, की माझ्यात काही शक्ती नाही, मला काही दिसत नाही, त्या दिवशी मी थाप मारली, आग बंद करा.

काका हसले. चेष्टेनं नाही, आदरानं. म्हणाले, "खरी माणसं अशीच बोलतात, ताई. भोंदू असता तर छाती काढून आला असता."

ती पुन्हा म्हणाली. आवाज चढवून म्हणाली. जितकं नाही म्हणावं तितका त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव गडद होत चालला. ह्याला म्हणतात आपलंच जाळं आपल्याच पायात. वर्षानुवर्षं नाही म्हणायची वेळ होती तेव्हा मूग गिळले, आणि आता ओरडून नाही म्हणतेय तर ते नम्रपणात जमा होतंय. आवाज ऐकून चार-पाच बायका दारात आल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. ताईंना कुणी दम दिलाय का, असं कुणीतरी कुजबुजलं. काटा जरा पुढं सरकल्यासारखा वाटला.

काकांनीच मग हळूच विचारलं, की ताई, तुम्हाला काही वेगळं दिसलं का? फुटताना दिसला का? तसं असेल तर एकदा सांगा, आत्ता बंद करतो.

एक शब्द हवा होता. खरं सांगून काही होत नव्हतं, आणि खोट्याला सगळे हात जोडून उभे होते. दारातल्या बायकांकडे बघून तिनं डोळे मिटले.

"हो. दिसलं. फुटणार. बंद करा."

काकांनी झेप घेऊन बर्नर बंद केला. घरघर थांबली. कुणी हुश्श केलं, कुणी डोळ्यांना पदर लावला, एक बाई ताईंनी वाचवलं म्हणत रडायलाच लागली. पट्टीवालीला वाटलं, आता छातीतलं धडधडणं थांबेल. थांबलं नाही. कारण काका घाम पुसत पुढं आले आणि म्हणाले, की सुपरवायझर दुसरा व्हॉल्व्ह आणेल तो मी आधी तुमच्या हातात देतो. तुम्ही हो म्हणालात की पेटवीन, नाही म्हणालात तर हात लावणार नाही. बाकी कुणाचं ऐकायचंच नाही आता.

तेव्हा तिला जी भीती वाटली, ती सकाळपासूनच्या सगळ्या भीतीला मागं टाकणारी होती. हिच्या शब्दानं आग पेटली, हिच्याच शब्दानं विझली, आणि उद्या पुन्हा हिच्याच तोंडाकडे बघून पेटणार. आणि हिला व्हॉल्व्ह आणि वरवंट्यातला फरक कळत नव्हता.

एवढ्यात दारातली गर्दी हलली. डब्याची पिशवी काखेत मारून वहिनी आत शिरली. नवऱ्यानं कामावर जाऊ नको म्हटल्यावर घरी थांबणाऱ्यांतली ती नव्हती. तिच्या मागं धापा टाकत भाऊ; एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला फेस. एरवी बायकांनी त्याला हसून हसून पळवून लावलं असता. पट्टीवाली त्याला म्हणाली, दादा, तू विचार, मी सांगते, आणि मग दोघं मिळून ह्यांना फोड करून दाखवू. भाऊ खांबासारखा उभा राहिला.

मग तिनं ते एकटीनं केलं. दारातल्या एका बाईच्या हातातला उशीचा अभ्रा घेतला, काकांना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्याच डोळ्यांवर बांधला. त्यांच्या कानाशी वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: मी 'लवकर' म्हटलं की घड्याळ, 'बरं' म्हटलं की किल्ली. बस. मग एका बाईचं मनगट धरून वर उचललं. "लवकर सांगा."

काका घुटमळले. "घड्याळ?"

दोघीतिघी खुदकन हसल्या. तिनं वहिनीच्या कमरेची किल्ली हातात घेतली. "बरं, सांगा."

"किल्ली," काका म्हणाले, खूप हळू. ह्या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी अभ्रा स्वतःच ओढून काढला. किल्लीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि मग भावाच्या त्या अर्ध्या फेसाच्या तोंडाकडे.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी दादाला ती वस्तू कळलीच नाही. मलाही नाही. कळलं नाही की बोलायचं एक ठरलेलं वाक्य आहे आमचं. न्हाव्याच्या कात्रीलाही तेच बोललेय मी. जुनी आहे, पण दगा देणार नाही."

काकांचा चेहरा राखेसारखा झाला. ते उठले, शिडीच्या दोन पायऱ्या चढले, आणि बॉयलरच्या डोक्यावर बसवलेल्या त्या पितळी व्हॉल्व्हचा दांडा धरला. आत दाब असताना तो हातानं उचलून बघायचा असतो. उचलला की वाफ सुसाट बाहेर येते आणि कळतं की मोकळा आहे. काका उचलायला गेले. उचलला जाईना. दोन्ही हातांनी जोर लावला. दांडा जागचा हलला नाही. तापलेलं लोखंड मध्येच टण्ण वाजलं, तेवढंच.

"बाहेर व्हा," काका खाली न बघता म्हणाले. "सगळ्या. पळू नका, पण बाहेर व्हा."

त्या अंगणात उभ्या राहिल्या. आत काका एकटेच राहिले होते, पाइपांच्या चाव्या उघडून वाफ मशिनींकडे सोडत होते. ओल्या चादरींच्या खात्यातून पांढरे लोट निघू लागले. प्रत्येक आवाजाला बायका एकमेकींचे दंड धरत होत्या. सुपरवायझर धावत आला, कुणाच्या परवानगीनं बंद केलं म्हणून ओरडायला तोंड उघडलं, लोट पाहिले आणि तोही भिंतीपासून लांब जाऊन उभा राहिला.

काटा शून्यावर आल्यावर काका बाहेर आले आणि चादरींच्या रिकाम्या ढकलगाडीच्या काठावर बसले. सुपरवायझरला ते नवा व्हॉल्व्ह एवढंच म्हणाले, आणि त्या वेळी त्यानं वाद घातला नाही.

पट्टीवाली समोर जाऊन उभी राहिली. काकांनी मारलं असतं तरी तिनं सोसलं असतं. काकांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, की पेटवल्यावर रोज तो दांडा उचलून बघतो मी. नोकरीला लागल्यापासून चुकवलं नाही. आज नाही उचलला. सांगितलंय ना, म्हटलं, आता कशाला संशय घ्यायचा.

"भीत होतो तेच बरं होतं माझं," ते म्हणाले. "तुम्ही ती भीतीच काढून घेतलीत. खेळाच्या आधी दोन शब्द सांगायचे होते, हे सगळं बनाव आहे म्हणून. तेव्हा ऐकलं असतं मी. आज सांगायला लागलात, तर मला वाटलं, माझी परीक्षा बघताय."

तिनं मान हलवली. भाऊ फाटकापाशी पाठ करून उभा होता आणि गालावरचा वाळलेला फेस नखानं खरवडत होता.

परत निघताना वहिनी तिच्या शेजारून चालत होती. मागून नाही, शेजारून. डब्याची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत होती. मग समोर बघतच तिनं विचारलं.

"माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं. निघू का लगेच, की सुट्टी मिळाल्यावर जाऊ. तुम्ही माझा हात हातात घेतला आणि म्हणालात, जुनं हाड आहे, दगा देणार नाही. म्हणून मी थांबले."

रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती. पट्टीवालीचे पाय चालत होते. वहिनीला आई भेटली नव्हती.

"ते काय होतं, ताई?"

तिच्याकडे अजूनही वाक्यं होती. बापानं पुष्कळ शिकवून ठेवली होती. कुठलंही काढलं असतं तर बसलं असतं, वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि पुढचं कुणी विचारलं नसतं.

"तेच," ती म्हणाली. "भरीचं."

वहिनी थांबली. तिनं नणंदेकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात पहिल्यांदाच लपवण्यासारखं काही नव्हतं; जे मनात होतं ते सगळं तोंडावर होतं. मग तिनं पिशवी काखेत घट्ट धरली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालू लागली.